बंद पडलेल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा इतिहास कसा लिहायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका लहान तालमीचा फुटबॉल संघ होता. १९५० च्या आसपास तो उभा राहिला आणि ऐंशीच्या दशकात कधीतरी बंद पडला. विचारणाऱ्याचे आजोबा त्यात लेफ्ट हाफ खेळायचे, ते आता नाहीत. जुन्यांपैकी चार-पाच जण हयात आहेत, सगळे पंचाहत्तरी ओलांडलेले. घरात एक ग्रुप फोटो आणि तालमीत एक शिल्ड, एवढाच ऐवज. प्रत्येक जण वेगळं सांगतो, मग खरा इतिहास लिहायचा कसा आणि सुरुवात कुठून करायची?

मी शाहू स्टेडियमवर बरीच वर्षं पंच होतो आणि त्यानंतर जुन्या खेळाडूंच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवण्याचं काम करतो. कोल्हापूरच्या फुटबॉलचा विषय निघाला की पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, प्रॅक्टिस, बालगोपाल, खंडोबा ही नावं येतात आणि ती यायलाच हवीत. पण पेठांमधला खेळ या मोठ्या संघांनी एकट्यांनी जगवला नाही. पहिल्या फेरीत हरायचं हे माहीत असूनही दरवर्षी प्रवेश फी भरणाऱ्या लहान तालमी होत्या, म्हणून स्पर्धा भरल्या आणि भाग्यपत्रिका, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचे तक्ते, पूर्ण झाल्या. त्या संघांबद्दल कुठेच काही लिहिलेलं नाही. तुम्ही हे काम हातात घेतलंय याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात माणसांपासून करा, कागदांपासून नाही. ग्रंथालयातली फाईल पुढच्या वर्षीही तिथेच असेल, ऐंशीचे आबा असतीलच असं नाही. त्यातही सगळ्यात नावाजलेल्या खेळाडूकडे आधी जाऊ नका. ज्यांची तब्येत नाजूक आहे किंवा ज्यांना ऐकू कमी येऊ लागलंय, त्यांच्याकडे आधी जा. नावाजलेल्या माणसाने आपल्या गोष्टी इतक्यांदा सांगितलेल्या असतात की त्या पाठ झालेल्या असतात आणि तो तेवढ्याच सांगतो. राखीव खेळाडू, बॉल सांभाळणारा, जर्सी गोळा करून घरी नेणारा, वर्गणीची वही लिहिणारा, यांना कुणी कधी विचारलेलं नसतं. संघ चालायचा कसा, हे त्यांनाच माहीत असतं. चार-पाच जण म्हणजे खेळलेले, असं धरून तुम्ही मोजले असणार. न खेळलेले मोजा, यादी वाढेल.

पहिल्या भेटीत प्रत्येकाला एकट्याला गाठा. सगळ्यांना कट्ट्यावर एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होते, आणि एकदा झाली की ती वेगळी काढता येत नाही. एकेकाचं बोलणं पूर्ण झाल्यावर मग खुशाल एकत्र बसवा. तेव्हा वाद होतात आणि त्या वादातून नवं काहीतरी निघतंच.

आता विचारायचं काय? "कुठली स्पर्धा जिंकली?" या प्रश्नाने सुरुवात केलीत तर दहा मिनिटांत बोलणं संपेल. लहान संघ जिंकलेलाच नसतो फारसा, आणि समोरच्याला उगाच ओशाळल्यासारखं होतं. बॉलपासून सुरुवात करा. बॉल कोणाच्या घरी असायचा? हा प्रश्न मी जवळजवळ प्रत्येकाला विचारतो आणि त्याने तोंड उघडलं नाही असं क्वचितच झालंय.

तो बॉल आताच्यासारखा नव्हता. चामड्याच्या पट्ट्या शिवलेल्या, एका बाजूला चीर, चिरेतून आत रबरी ब्लॅडर सरकवायचं. पंपाने हवा भरायची, ब्लॅडरचं तोंड दुमडून दोऱ्याने करकचून बांधायचं, आत ढकलायचं आणि वर चामड्याची वादी ओवून चीर बंद करायची. वादीची गाठ वर राहिली तर हेड मारणाऱ्याच्या कपाळावर वळ उठायचा, म्हणून गाठ आत दडपण्यात एखाद्याचा हातखंडा असायचा आणि ते काम त्याच्याकडेच असायचं. ब्लॅडर पंक्चर झालं की सायकलच्या दुकानात. शिवण उसवली की चपला शिवणाऱ्या कारागिराकडे, आणि कोल्हापुरात त्यांची काय वाण! वळवाच्या पावसात भिजला की बॉल दुप्पट जड व्हायचा, मग तो सावलीत वाळवून वर तेल किंवा चरबी चोळायची. उन्हात वाळवला तर चामडं कडक होऊन तडकायचं. एका जुन्या फुल बॅकने मला वादी ओवण्याची क्रिया नुसत्या बोटांनी हवेत करून दाखवली, प्रत्येक भोकाशी अंगठा क्षणभर थांबत होता. त्यांना स्पर्धांची नावं आठवत नव्हती. बोटांना सगळं आठवत होतं. त्यानंतर बॉल कुणी आणला, पैसे कुणी दिले, तो हरवला त्या दिवशी तालमीत काय झालं, हे ओळीने आलं आणि त्यातून संघातल्या नऊ-दहा जणांची नावं मिळाली.

बॉलनंतर जागा. सराव कुठे व्हायचा, गोलचे खांब कशाचे होते, रेषा कोण मारायचं, फक्की कुठून यायची? शक्य असेल तर त्यांना घेऊन त्या मैदानावर जा आणि उभं राहून विचारा. गांधी मैदानासारख्या जागेवर माणूस उभा राहिला की "इथं खड्डा होता, तिथून पळताना मी आतल्या अंगाने यायचो" असं आपोआप बोलू लागतो. मग सामन्यानंतरचं विचारा. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर कोण दूध पाजायचं, हरल्यावर कोण रुसायचं, बाहेरगावी कसे जायचे. गडहिंग्लज, मिरज, बेळगाव इथे फुटबॉल जुना आहे आणि कोल्हापूरचे संघ तिकडे जात आले आहेत. तिथला मुक्काम, जेवण, परतीची गाडी चुकणं, या गोष्टी स्कोअरपेक्षा जास्त पक्क्या लक्षात राहिलेल्या असतात.

तुम्ही लिहिलंय की आबांचं बोलणं "कधी कधी भरकटतं". यावर मला जरा ठामपणे सांगायचं आहे. जुने खेळाडू आजच्या माणसाला पटणार नाही असं काही सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा ते बरोबर असतात. खेळाचे नियम बदललेत, आणि ते बदल माहीत असतील तर भरकटलेल्या वाटणाऱ्या वाक्यातूनच तुम्हाला काळ सापडतो.

"आम्ही टॉसवर हरलो" असं कुणी सांगितलं तर हसू नका. बरोबरीचा सामना पेनल्टी शूटआउटवर सोडवण्याची पद्धत १९७० मध्ये नियमांत आली. त्याआधी सामना पुन्हा खेळवत, नाणं उडवत किंवा दोघांना संयुक्त विजेते जाहीर करत. १९६८ च्या युरोपियन चॅम्पियनशिपची इटली आणि सोव्हिएत युनियन यांच्यातली उपांत्य लढतसुद्धा नाणेफेकीवर सुटली होती. तिथे जे चाललं ते आपल्या पेठेत चालायला काहीच हरकत नव्हती.

"सत्तर मिनिटांची मॅच" म्हणत असतील तर तेही खरं. आपल्याकडे कितीतरी स्पर्धांत सामने सत्तर मिनिटांचेच असत. "लेफ्ट इन", "राईट आउट", "सेंटर हाफ" हे शब्द पाच फॉरवर्ड, तीन हाफ आणि दोन बॅक अशा जुन्या मांडणीचे आहेत. तुमचे आजोबा लेफ्ट हाफ होते म्हणजे ते याच मांडणीत खेळलेत. त्यांच्या पुढे लेफ्ट इन आणि लेफ्ट आउट कोण होते, हे विचारून घ्या. ही तिघं डाव्या बाजूला एकत्र खेळायची आणि एकमेकांबद्दल त्यांना बाकीच्यांपेक्षा जास्त माहिती असते. गोलकीपरला आपल्याच बॅकने पायाने दिलेला बॉल हातात धरायला बंदी आली ती १९९२ मध्ये, म्हणजे तुमचा संघ बंद पडल्यानंतर. त्यामुळे "आम्ही एक गोल केला आणि उरलेला वेळ कीपरकडे बॉल देत काढला" ही बढाई नाही, नियमात बसणारी युक्ती होती. पिवळी आणि लाल कार्डं विश्वचषकात पहिल्यांदा १९७० साली आली. त्याआधीची हकालपट्टी म्हणजे पंचाने तोंडाने दिलेली ताकीद आणि बोटाने दाखवलेली बाहेरची वाट.

जुनं लीगचं कोष्टक हाती लागलं तर लक्षात ठेवा, तेव्हा विजयाला दोन गुण होते, तीन नव्हे. समान गुण झाले की बऱ्याच ठिकाणी गोलांची वजाबाकी न करता भागाकार करत, केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. आजच्या हिशोबाने मांडलंत तर क्रमवारी चुकीची निघेल आणि तुम्ही विनाकारण आबांना खोटं ठरवाल.

अनवाणी खेळण्याबद्दल विशेष जपून लिहा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बरेच खेळाडू अनवाणी होते आणि फ्रान्सविरुद्ध आपण २-१ असे हरलो. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने १०-१ असा पराभव केला आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. पण हे वरच्या पातळीवर. पेठेतल्या संघात बूट आले ते खिशाप्रमाणे. एकाच संघात काहींच्या पायांत बूट, काहींच्या पायांना नुसत्या पट्ट्या, असं असू शकतं. म्हणून "संघ अमुक सालापासून बूट घालू लागला" असं एका फटक्यात लिहू नका. पहिले बूट कुणाचे, ते कुणी कुणाला दिले, कुणाचे पाय आखडले आणि त्याने ते काढून फेकले, असं माणसागणिक विचारा.

आता तुमच्याकडचा फोटो. तो फ्रेममधून काढण्याआधी पुढून-मागून मोबाईलवर काढून घ्या. काच फोटोला चिकटली असेल तर ओढू नका, जाणकाराकडे न्या. मागे स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेलं काही असेल तर ते पुसू नका, त्यावर सेलोटेपही लावू नका. स्कॅन ६०० डीपीआयला करा. मग साध्या कागदावर फक्त माणसांच्या बाह्यरेषा काढून प्रत्येकाला क्रमांक द्या आणि त्या कागदाच्या प्रती प्रत्येक आबांकडे वेगवेगळ्या भरून घ्या. सगळ्यांनी एकच नाव लिहिलं तर पक्कं. दोन नावं आली तर दोन्ही ठेवा. खेळाडूंपेक्षा कडेला उभ्या असलेल्यांची नावं आधी विचारा, कारण टोपीवाले अध्यक्ष, कोट घातलेले पाहुणे आणि पुढे मांडी घालून बसलेली पोरं सगळ्यात आधी विसरली जातात. त्यातल्या एखाद्या पोराचं घर अजून त्याच बोळात असतं.

शिल्ड हा तर लिहिलेला कागदच आहे. फिरत्या शिल्डवर दर वर्षीच्या विजेत्यांच्या चांदीच्या किंवा पितळेच्या छोट्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. काळ्या पडल्या असतील तरी पॉलिश करू नका, घासून अक्षरं उडतात. अंधाऱ्या खोलीत बाजूने टॉर्च तिरपा धरून फोटो काढा, पुसट कोरलेलं उठून दिसतं. तुमच्या संघाचं नाव तिथे एकदाच असेल. पण आधीच्या-नंतरच्या पट्ट्यांवरून स्पर्धा कोणत्या वर्षी सुरू होती आणि कधी थांबली तेही कळेल. शिवाय फिरती शिल्ड तुमच्याच तालमीत का राहिली, हा प्रश्न विचारायला विसरू नका. बहुतेकदा उत्तर असतं की त्यानंतर ती स्पर्धाच झाली नाही.

कागदांचं सांगतो. तालीम म्हणजे नुसता फुटबॉल नव्हे. गणपती, शिवजयंती, कुस्ती, बऱ्याच तालमींत मोहरमचे पंजेसुद्धा. त्यामुळे फुटबॉलची वेगळी वही मिळणार नाही, पण गणेशोत्सवाच्या जमाखर्चात "ब्लॅडर", "वादी", "लिंबं", "प्रवेश फी" अशा नोंदी मिळतात. माझ्या मते या नोंदी बातमीपेक्षा मोलाच्या आहेत, कारण त्या छापून यावं म्हणून कुणी लिहिलेल्या नसतात. जुन्या चिटणिसांच्या वारसांकडे माळ्यावरचं गाठोडं विचारा.

मंडळ नोंदणीकृत असेल तर लेटरहेडवरचा नोंदणी क्रमांक घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात शेड्युल वनचा उतारा, म्हणजे मंडळाच्या नोंदीचा उतारा, मागा. सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५० चा आहे, त्यामुळे ही नोंद त्यानंतरचीच असेल. विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, त्यातून कोणत्या काळात कारभार कोणाकडे होता याची तारखांसकट साखळी जुळते. संस्थानी काळातलं काही शोधायचं असेल तर कोल्हापूर १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, हे ध्यानात ठेवा. त्याआधीची आणि नंतरची दप्तरं एका ठिकाणी सापडत नाहीत.

वर्तमानपत्रांसाठी करवीर नगर वाचन मंदिर. १८५० ची संस्था आहे, तिथल्या लोकांना विचारून मगच शोध सुरू करा. 'पुढारी' आणि 'सत्यवादी' बघा, बेळगावच्या दौऱ्यासाठी 'तरुण भारत' बघा. तारीख माहीत नसताना वर्षभराचे अंक चाळत बसलात तर उत्साह संपेल. आधी आबांकडून ऋतू काढा: परीक्षा झाली होती का, आंबे आले होते का, वळीव पडला होता का, कुणाचं लग्न होतं का? मग दोन-तीन आठवड्यांची खिडकी मिळते. बातमीत बहुधा आडनावंच असतात आणि एका तालमीत एकाच आडनावाचे चौघे, त्यामुळे कुठला जाधव हे ठरवायला परत माणसांकडेच यावं लागतं. केएसएकडेही, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडेही, विनंती करा, संघनोंदणीची जुनी कागदपत्रं कुणी जपली असतील तर कामाची आहेत.

घरातल्या बायकांना विचारायचं राहून जातं. जर्सीच्या पाठीवरचे कापडी आकडे कुणी शिवले, चिखलाचे कपडे कुणी धुतले, गुडघा फुटून आलेल्या पोराला हळद कुणी लावली आणि वडिलांपासून कुणी लपवलं? आजींना गोलांची संख्या ठाऊक नसेल, पण कोणत्या सालापर्यंत घरात जर्सी धुतल्या जात होत्या हे त्या अचूक सांगतात, कारण त्या काळात घरात कोण जन्मलं, कोण गेलं, याच्याशी त्यांनी ते जोडलेलं असतं. तुमच्या आजी असतील तर त्यांच्यापासूनच सुरू करा.

संघ कधी बंद पडला याची तारीख शोधू नका, ती नसते. "शेवटचा सामना कोणता?" याला उत्तर मिळत नाही, कारण तो खेळताना तो शेवटचा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याऐवजी विचारा: नोंदणी पहिल्यांदा कधी केली नाही? तुमच्यातला कोण आधी मोठ्या तालमीकडून खेळायला गेला? बूट आणि प्रवासाचा खर्च कोण करायचं आणि त्याने हात कधी आखडला? नोकरीला पुण्या-मुंबईला किती जण गेले? सरावाच्या जागेचं काय झालं? माझा अनुभव असा की लहान संघ भांडणाने बंद पडला असं सगळे सांगतात, पण नीट विचारलं की त्याआधी दोन-तीन वर्षं अकरा जण जमवताना दमछाक होत होती हे कळतं. भांडण हे फक्त लक्षात राहिलेलं निमित्त.

भांडणाबद्दल मात्र सांभाळून. पेठेतली ईर्ष्या आजही जिवंत आहे आणि मैदानावरच्या जुन्या मारामारीत नाव आलेल्या माणसाची नातवंडं त्याच गल्लीत राहतात. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी परवानगी घ्या, ती रेकॉर्डवर घ्या. "हे छापू नको" असं जे सांगतील ते छापू नका, पण पुसूनही टाकू नका. वेगळं ठेवा आणि किती वर्षांनी उघडायचं ते त्यांनाच ठरवू द्या. जात, पैसे, पोलीस केस यांबद्दल एकाच माणसाच्या शब्दावर काहीही लिहायचं नाही.

रेकॉर्डिंगसाठी मोबाईल पुरतो. फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन त्यांच्या बाजूला उशीवर ठेवा. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि त्यांचं पूर्ण नाव स्वतःच्या आवाजात सांगा. तासाभरापेक्षा जास्त बसू नका, थकवा आला की माणूस मोघम बोलतो. त्याच रात्री फाईलच्या प्रती दुसऱ्या दोन ठिकाणी ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न, प्रत्येक जण वेगळं सांगतो त्याचं काय. सगळ्यांचं मिळून एक सरासरी कथानक करू नका. जिथे कागद आणि माणूस जुळतात तिथे सरळ विधान करा. जिथे दोन माणसांचं जुळत नाही तिथे दोघांचं त्यांच्या नावाने शेजारी शेजारी छापा. एक म्हणतो गोल ऑफसाइड होता, दुसरा म्हणतो नव्हता, तर ते दोघं मैदानात कुठे उभे होते ते लिहा. पंच म्हणून सांगतो, उभं राहायची जागा बदलली की दिसणं खरोखरच बदलतं. आणि त्यांची बोली जशी आहे तशी ठेवा. "लई", "व्हतं", "हिकडं" सुधारून पुस्तकी केलंत तर ती माणसं ओळखू येणार नाहीत.

शेवटी पुस्तिका कितीही छोटी निघू दे, पण तिच्यात खेळलेल्या प्रत्येकाचं नाव, टोपणनाव आणि जागा यांची यादी असू द्या, एकच सामना खेळलेला असला तरी. छापण्याआधी ती यादी तालमीच्या फळ्यावर दोन आठवडे लावा आणि शेजारी पेन बांधून ठेवा, लोक दुरुस्त्या करतील, विसरलेली नावं घालतील. तयार झाल्यावर एक प्रत तालमीत, एक करवीर नगर वाचन मंदिरात आणि एक शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्या. रेकॉर्डिंगच्या फाईली त्या-त्या आबांच्या घरच्यांनाही द्यायला विसरू नका. फोटोतली डावी बाजू जुळवताना अडलात तर स्कॅन पाठवा, लेफ्ट आउट कोण असावा हे ओळखायला मी मदत करतो.